वळवात थांबा, आषाढात खेळा

7 ऑगस्ट 2021, शनिवार. ज्या घरांत तोवर कुणी गोल्फकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, अशा असंख्य घरांत त्या दिवशी भल्या पहाटे टीव्ही लागले होते. जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानावर असलेली बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये तीन फेऱ्यांनंतर एकटी दुसऱ्या क्रमांकावर होती आणि शेवटची फेरी उरली होती. कासुमिगासेकीच्या मैदानावर वादळाचं सावट होतं. चौथी फेरी पुरी होऊ शकली नाही, तर तीन फेऱ्यांचे, म्हणजे 54 होलचे आकडे ग्राह्य धरायचे, असं ठरलेलं होतं. थोडक्यात, पाऊस कोसळून राहिला तर रौप्यपदक आपलं. सामन्यात पाऊस नको म्हणून एरवी देव पाण्यात ठेवणाऱ्या आपल्या क्रिकेटवेड्या देशाने त्या सकाळी पाऊस यावा म्हणून धावा केला. तो आलाही. आघाडीच्या खेळाडूंचे दोन होल बाकी असताना खेळ थांबवला गेला, सगळ्या जणी आत गेल्या. पण पाऊण-एक तासात आभाळ निवळलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला. नेली कोर्डाला सुवर्ण मिळालं आणि अदिती एका फटक्याने पदक हुकून चौथी आली.

तेव्हा माझ्या ओळखीच्या अनेकांनी विचारलं होतं, की एवढ्या पावसात खेळतात कशाला? आणि खेळतातच, तर मग मध्येच थांबतात कशाला? प्रश्न रास्त आहेत. क्रिकेटमध्ये चार थेंब पडले की कव्हर धावत येतात. फुटबॉलमध्ये चिखल झाला तरी कुणाला पर्वा नसते. गोल्फ या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. महाराष्ट्रात तर हा प्रश्न जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवार-रविवारी चेंबूरच्या, येरवड्याच्या आणि खारघरच्या मैदानांवर उभा असतो: खेळायचं, की परत फिरायचं?

नियमपुस्तक या बाबतीत भलतंच कठोर आहे. स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या स्पर्धेत केवळ पाऊस पडतोय म्हणून खेळाडूला खेळ थांबवता येत नाही. खराब हवामान हे स्वतःहून पुरेसं कारण नव्हे, असं 2019 पूर्वीच्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं होतं. नव्या मांडणीतही अर्थ तोच राहिला. कपडे भिजले, हात गारठले, चष्म्यावरून ओघळ वाहताहेत, चेंडू दिसत नाही, यांतलं काहीही चालत नाही. समितीने खेळ स्थगित केला तरच थांबायचं. आपल्या मनाने मैदान सोडून खेळणं बंद केलं, तर स्पर्धेतून बाद.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो विजेचा. विजेपासून तातडीचा धोका आहे असं खेळाडूला वाजवी कारणाने वाटलं, तर तो कुणाला न विचारता तिथल्या तिथे थांबू शकतो. समितीला शक्य तितक्या लवकर कळवायचं, एवढंच. कुणी मोठा अधिकारी आला आणि ‘काही होत नाही, खेळा’ म्हणाला तरी हा हक्क जात नाही. मॅच प्ले, म्हणजे समोरासमोरच्या सामन्यात आणखी थोडी मोकळीक असते. दोघांनी आपापसांत ठरवून थांबलं तरी चालतं, फक्त त्यामुळे स्पर्धा रखडता कामा नये.

समितीने थांबवायचं ठरवलं, की भोंगा होतो, आणि त्या भोंग्याचीही भाषा आहे. एकच लांबलचक भोंगा म्हणजे तात्काळ थांबा. चेंडूसमोर उभे असाल, काठी मागे नेलेली असेल, तरी पुढचा फटका मारायचा नाही. तीन सलग भोंगे म्हणजे साधी स्थगिती. चालू होल पुरा करायचा की तिथेच थांबायचं हे दोन मिनिटांच्या आत ठरवावं. दोन होलच्या मध्ये असाल तर मात्र थांबायलाच हवं. दोन छोटे भोंगे म्हणजे पुन्हा सुरू. आपल्याकडच्या अनेक मैदानांवर हा फरक सभासदांना माहीत नसतो आणि लांब भोंग्यानंतरही कुणीतरी ‘एवढा पट मारून घेतो’ म्हणत ग्रीनवर वाकलेला दिसतो.

या कठोरपणामागे रक्तामांसाचा इतिहास आहे. 27 जून 1975 रोजी शिकागोजवळच्या बटलर नॅशनल मैदानावर वेस्टर्न ओपन चालू होती. वादळामुळे खेळ थबकलेला असताना ली ट्रेव्हिनो आणि जेरी हर्ड एका तळ्याकाठच्या ग्रीनजवळ बसले होते. वीज कोसळली आणि दोघेही जखमी झाले. बॉबी निकोल्स हा तिसरा खेळाडूही त्याच वादळात सापडला. ट्रेव्हिनोच्या पाठीच्या मणक्याला कायमची इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. तो पुढे 1984 मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पीजीए चॅम्पियनशिप जिंकला हे त्याचं मोठेपण. त्याने या प्रसंगावर एक विनोदही प्रचलित केला: वादळात सापडलात तर एक नंबरची आयर्न आभाळाकडे धरा, कारण ती देवालासुद्धा मारता येत नाही. जिला सरळ मारणं अशक्यप्राय, अशी ती काठी होती. विनोद झकास आहे. सल्ला म्हणून अर्थातच जीवघेणा.

1991 हे वर्ष त्याहून वाईट ठरलं. जूनमध्ये मिनेसोटातल्या हेझल्टाइन मैदानावर यूएस ओपनच्या पहिल्याच दिवशी झाडाखाली आडोशाला थांबलेल्या प्रेक्षकांवर वीज पडली. एक तरुण दगावला, पाच जण जखमी झाले. दोनच महिन्यांनी इंडियानातल्या क्रुकेड स्टिक मैदानावर पीजीए चॅम्पियनशिपमध्ये खेळ थांबल्यानंतर आपल्या गाडीकडे चाललेला प्रेक्षक विजेने गेला. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांना आज स्वतःचा हवामानतज्ज्ञ मैदानावर हजर असतो. तरीही 2019 मध्ये अटलांटाच्या ईस्ट लेक मैदानावर, खेळ थांबवून जवळपास अर्धा तास झालेला असताना, एका झाडावर वीज पडली आणि उडालेल्या ढलप्यांनी सहा जणांना जखमी केलं. खेळाडू तोवर आत पोचले होते, प्रेक्षक पोचले नव्हते.

या घटनांमध्ये झाड वारंवार येतं, ते उगाच नाही. वीज उंच वस्तू शोधते. मोकळ्या फेअरवेवर सगळ्यांत उंच तुम्ही असता आणि झाडाखाली गेलात तर झाडावर पडलेली वीज खोडातून बाजूला उडी मारून तुमच्यात शिरू शकते किंवा ओल्या जमिनीतून पसरत पायांपर्यंत येते. गोल्फ क्लबच्या धातूकडे वीज ओढली जाते हा समज फारसा खरा नाही. घात करते ती उंची आणि उघडी जागा. छत्रीचा दांडा फायबरचा आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. गोल्फ कार्ट, चहूबाजूंनी उघडी शेड, बस थांब्यासारखा निवारा, यांपैकी काहीही आसरा नव्हे. भिंतींची, वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली पत्र्याच्या टपाची मोटार, या दोनच जागा खऱ्या.

अंतर मोजायला कोणतंही यंत्र लागत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या डोक्यावर पडू शकते. मग निघायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं तरी नाही, कारण वादळाच्या गाभ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवरही वीज पडल्याच्या नोंदी आहेत. लोक चुकतात ते इथेच. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असं धरून ते पुन्हा टीवर जाऊन उभे राहतात. आणि कुणावर वीज पडलीच, तर त्या माणसाला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास, नाडी नसेल तर ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 फिरवायला सांगा.

आता आपल्या मातीकडे येऊ, कारण महाराष्ट्रात ‘पाऊस’ म्हणजे एकच गोष्ट नसते. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. शहरी गोल्फरला मात्र आठवण करून द्यावी लागते. मे अखेरीचा वळीव आणि मृगाच्या आसपासचा पहिला पाऊस हे उन्हाने तापलेल्या जमिनीवर चढलेल्या उंच ढगांचे पाऊस. दुपारपर्यंत घाम काढणारा उकाडा, तीन-चारच्या सुमाराला क्षितिजावर काळी भिंत, मग सुसाट वारा, धुळीचा लोट आणि कडकडाट. हस्ताच्या दिवसांतला, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरमधला परतीचा पाऊसही याच जातीचा. राज्यात वीज पडून माणसं आणि गुरं जातात ती प्रामुख्याने या दोन काळांत, आणि त्यात मराठवाडा-विदर्भातली शेतं सर्वांत पुढे असतात. देशभरात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं दगावतात. त्यात गोल्फर जवळजवळ नसतातच, मजूर आणि गुराखी असतात. पण वीज पाहून आत पळण्याची सोय ज्याला आहे, त्यानेच बाहेर थांबण्याचा हट्ट धरावा, हे मला बेपर्वाईचं वाटतं.

आषाढ-श्रावणातला पाऊस निराळा. समुद्रावरून येणारे ठेंगणे, पसरट ढग, दिवसभर एका लयीत पडणारी रिपरिप, मध्येच सर, मध्येच उघडीप. मुंबई-पुण्यात जुलैच्या मध्यावर दिवसचे दिवस पाऊस पडतो आणि गडगडाट क्वचितच ऐकू येतो. कधीच येत नाही असं नव्हे, म्हणून कान उघडे ठेवायचेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप फोनमध्ये असू द्या. तुमच्या आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते सांगतं, तेही फुकट.

वीज नसेल तर उरतो प्रश्न जमिनीचा. गोल्फचं माहेर स्कॉटलंड, आणि तिथे पावसात खेळणं ही मर्दुमकी मानली जाते. त्यात थोडी गंमत आहे. सेंट अँड्र्यूजला वर्षाकाठी पडणारा पाऊस ढोबळमानाने पुण्याइतकाच, सातशे मिलिमीटरच्या आसपास. फरक इतकाच, की तिथे तो बारा महिन्यांत वाटून पडतो आणि आपल्याकडे बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकतो. मुंबईला तर त्याच चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. शिवाय तिथली जुनी मैदानं समुद्राकाठच्या वाळूवर आहेत; पाणी पडलं की मुरलं. आपल्याकडे दख्खनची काळी माती फुगते, पाणी धरून बसते आणि त्यावर चाललात की पाऊल घोट्यापर्यंत जातं. अर्थात वाळूलाही मर्यादा असते. 1988 मध्ये रॉयल लिथमवर ब्रिटिश ओपनचा शनिवार पूर्ण वाहून गेला आणि स्पर्धा इतिहासात प्रथमच सोमवारी संपली, सेव्हे बायेस्तेरोसच्या विजयाने. 2015 मध्ये खुद्द सेंट अँड्र्यूजवर शुक्रवारी पावसाने आणि शनिवारी वाऱ्याने खेळ रोखला आणि तीही सोमवारी गेली.

मैदानाचं दुखणं खेळाडूला दिसत नाही, माळ्याला दिसतं. आपल्या बहुतेक मैदानांवरचं गवत बर्म्युडा जातीचं, म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहतात त्या दूर्वांचं कुळ. तिला ऊन लागतं. ढगाळ आषाढात तिची वाढ मंदावते, आणि नेमक्या त्याच दिवसांत भिजलेल्या मातीवर माणसं, ट्रॉल्या आणि कार्ट फिरल्या की माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. सप्टेंबरात ग्रीनवर जे टक्कल दिसतं ते बऱ्याचदा जुलैतल्या एखाद्या रविवारी पडलेलं असतं. आधुनिक ग्रीनखाली खडीचा थर, निचऱ्याचे पाइप आणि वर सुमारे फूटभर वाळूचं मिश्रण असतं, त्यामुळे पाणी लवकर उतरतं. फेअरवेखाली हे काही नसतं. म्हणून सचिवाने ‘आज कार्ट फक्त रस्त्यावरून’ असा फलक लावला तर कुरकुर करू नका, आणि मैदान बंद ठेवलं तर अजिबात नाही.

स्पर्धेत मोजमाप सोपं आहे. होलभोवती पाणी साचलं आणि ते हटवता येत नसेल, तर ग्रीन खेळण्यालायक नाही, खेळ थांबतो. इतरत्र साचलेल्या पाण्याला नियमांत ‘तात्पुरतं पाणी’ म्हणतात आणि त्यातून दंड न घेता सुटका मिळते: पाण्याबाहेरची सर्वांत जवळची जागा शोधायची, जी होलच्या अधिक जवळ नाही, आणि तिथून एका काठीच्या अंतरात चेंडू टाकायचा. पाणी उभं राहिल्यावर दिसायला हवं, मुद्दाम पाय दाबून काढलेलं चालत नाही. आणि आमच्याकडे टाच दाबून पाणी काढण्यात पारंगत असे कलावंत प्रत्येक क्लबात दोन-चार सापडतील. दव हे पाणी मानलं जात नाही. बंकर भरला असेल तर फुकट सुटका बंकरच्या आतच; बाहेर यायचं तर एक फटका दंड. फेअरवेत किंवा रफमध्ये चेंडू आपल्याच खड्ड्यात रुतला तर तोही फुकट उचलता येतो. आणखी एक तरतूद पावसाळ्यात आपल्या कामाची आहे. चेंडूजवळ विषारी साप असेल तर दंड न होता सुरक्षित जागी चेंडू टाकता येतो. घोणस आणि फुरसं यांच्या मुलखात उंच गवतात हात घालून चेंडू शोधू नये, ही पुस्तकात नसलेली पुरवणी.

छत्रीचा नियम मात्र फार थोड्यांना माहीत असतो. फटका मारताना कॅडीने किंवा जोडीदाराने तुमच्यावर छत्री धरली तर दोन फटके दंड. स्वतःच्या हाताने धरली तर दंड नाही. म्हणून जवळचा पट एका हाताने मारत दुसऱ्या हाताने छत्री सावरणारे दिसतात, ते विनोदी दिसले तरी कायदेशीर आहेत. फटक्याच्या आधी आणि नंतर कॅडीची छत्री चालते.

आणि खेळायचंच ठरलं, तर हात कोरडे ठेवणं ही निम्मी लढाई. चामड्याचा ग्लोव्ह भिजला की साबणासारखा निसटतो; पावसाळी ग्लोव्ह उलट ओला झाल्यावर अधिक घट्ट धरतो. एक टॉवेल छत्रीच्या काड्यांना आतून अडकवून ठेवावा, दुसरा बॅगेत. दमट हवेत चेंडू कमी जातो, असं सगळे म्हणतात. दमट हवा जड असते म्हणून, असं कारणही देतात. प्रत्यक्षात बाष्पाने भरलेली हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. अंतर कमी होतं ते गारव्यामुळे, वरून पडणाऱ्या थेंबांमुळे, अंगावरच्या जाड कपड्यांमुळे आणि मुख्य म्हणजे चेंडू पडल्यावर पुढे घरंगळत नाही म्हणून. एक काठी वरची घ्या. चेंडू आणि काठीच्या मध्ये पाणी आलं की फिरकी कमी होते, त्यामुळे फटक्याचा भरवसा राहत नाही. ग्रीनवर पट मात्र संथ जातो आणि कमी वळतो. कपड्यांच्या बाबतीत मोठमोठ्यांची फजिती झाली आहे. 2010 च्या रायडर चषकात वेल्समधल्या केल्टिक मॅनरवर पहिल्याच सकाळी अमेरिकन संघाचे रेनकोट गळायला लागले. खेळ सात तासांहून अधिक थांबला, तेवढ्यात त्यांनी प्रेक्षकांसाठी लावलेल्या दुकानातून दुसरे रेनकोट विकत आणले. ती स्पर्धा सोमवारी संपली आणि अमेरिका एका गुणाने हरली.

पावसाचा खरा मार मनावर बसतो, हे 2002 च्या ब्रिटिश ओपनमध्ये म्यूरफील्डवर दिसलं. मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून आलेला टायगर वुड्स शनिवारी दुपारच्या वादळी पावसात सापडला आणि त्याने 81 फटके घेतले. दुसऱ्या दिवशी निवळलेल्या हवेत 65. त्याच्या उलट, 2019 मध्ये याच स्पर्धेत पोर्टरशच्या पाऊसवाऱ्यात आयर्लंडचा शेन लाउरी शेवटच्या दिवशी 72 वर राहिला आणि सहा फटक्यांनी जिंकला. आमच्यासारख्या हौशी मंडळींसाठी हँडिकॅपच्या जागतिक पद्धतीत याची सोय आहे. त्या दिवशी सगळ्यांचेच आकडे बिघडले असतील, तर गणितात एक वजा ते तीन अधिक इतका फेरफार आपोआप होतो. आकडा खराब होईल म्हणून परत फिरायचं कारण उरत नाही.

प्रत्यक्षात निर्णय या सगळ्यावर होतच नाही. चौघांच्या गटात जो जिंकत असतो त्याला पाऊस जाणवत नाही आणि जो हरत असतो त्याला पहिला गडगडाट सर्वांच्या आधी ऐकू येतो. पैज लागलेली असली की दोघांचीही श्रवणशक्ती आणखी तीक्ष्ण होते. म्हणून पहिल्या टीवरच ठरवून टाकावं, की चौघांपैकी कुणीही एकाने ‘वीज’ म्हटलं की वाद न घालता आत जायचं, पैज तिथेच बरोबरीत. बाकी भिजणं, चिखल, हरवलेले चेंडू यांवर हवं तेवढं भांडावं.

एका माणसाला मात्र या चर्चेत कुणी विचारत नाही. कॅडी. बॅग खांद्यावर, छत्री तुमच्या डोक्यावर, स्वतः अर्धा ओला. साहेब चालताहेत तोवर तो चालणार, कारण बहुतेक ठिकाणी त्याला फेरीचे पैसे मिळतात आणि फेरी अर्धवट राहिली तर अर्धेच मिळतील ही धास्ती असते. आभाळ वाचायला त्याच्याइतकं कुणाला येत नाही, तो दर पावसाळ्यात त्याच मैदानावर असतो. त्याला विचारा, ‘काय वाटतं, येईल का?’ तो ‘चला आत’ म्हणाला तर ऐका. सहाव्या होलवरून परतलात तरी अठराचे पैसे द्या, आणि क्लबहाउसच्या छपराखाली त्यालाही घ्या.